ब्राँझच्या मांजराच्या आत काय असतं: बास्टेट देवी आणि तिच्या ओतीव मूर्ती

ताठ बसलेलं, कान टवकारलेलं, शेपटी पायांशी गुंडाळलेलं ब्राँझचं मांजर आपण पुस्तकांत, फ्रिजच्या चुंबकांवर आणि शोभेच्या दुकानांत सतत बघतो. त्यावरून दोन समज मनात बसतात. एक, इजिप्शियन लोक मांजरांची पूजा करत. दोन, हे मांजर म्हणजेच बास्टेट देवीची मूर्ती. दोन्ही समज अर्धेच खरे आहेत. अशा बहुतेक मूर्ती गाभाऱ्यात पूजेसाठी नव्हत्या. त्या भक्तांनी देवीला वाहिलेल्या वस्तू होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच आतून पोकळ, म्हणजे चक्क पेट्या होत्या. त्या कशासाठी ओतल्या आणि कशा ओतल्या हे कळलं, की हे मांजर नेमकं असंच का बसतं हेही कळतं.

आधी सिंहीण

बास्टेट मुळात मांजर नव्हती. तिचे सगळ्यांत जुने उल्लेख दुसऱ्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे साधारण पावणेपाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी भांड्यांवर मिळतात, आणि तिथे तिचं डोकं सिंहिणीचं आहे. गिझाच्या दुसऱ्या पिरॅमिडचा राजा खाफ्रे याच्या नदीकाठच्या मंदिराला दोन दारं आहेत. त्यांतल्या उत्तरेकडच्या दाराच्या लेखात बास्टेटचं नाव आहे आणि दक्षिणेकडच्या लेखात हाथोर या दुसऱ्या देवीचं. राजाच्या मंदिराचं दार राखायला सिंहीणच हवी, घरातलं मांजर नव्हे.

तिचं गाव नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागात. ग्रीक लोक त्याला बुबास्टिस म्हणत, आज ते झगाझिग शहराला लागून असलेलं तेल बास्ता. कैरोहून ईशान्येला साधारण ८० किलोमीटरवर.

इजिप्तच्या देवकथांत सूर्यदेव रा याचा 'डोळा' ही एक स्वतंत्र शक्ती आहे. रा तिला शत्रूंवर सोडतो तेव्हा ती सिंहीण होऊन रक्तपात करते. नंतर तिला समजावून, नाचगाण्याने आणि मद्याने शांत करून घरी आणावं लागतं. ही भूमिका एकट्या देवीची नाही. सेख्मेट, तेफनुत, हाथोर आणि बास्टेट या सगळ्या कुठे ना कुठे राच्या डोळ्याच्या रूपात येतात. नाईलमधल्या फिले बेटावरच्या मंदिरातल्या एका लेखाचा आशय असा, की ती कोपली की सेख्मेट आणि प्रसन्न झाली की बास्टेट. काळाच्या ओघात कोपाची बाजू सेख्मेटकडे राहिली आणि निवळलेली बाजू बास्टेटकडे आली. त्या निवळलेल्या रूपाला शोभेल असा प्राणी घराघरांत होताच. दिसायला सिंहिणीच्या जातकुळीतला, उंदीर आणि साप मारणारा, पिल्लांची काळजी घेणारा.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. इसवी सनापूर्वी दहाव्या शतकात शोशेंक पहिला गादीवर आला आणि बाविसावा राजवंश सुरू झाला. या घराण्याचं नातं बुबास्टिसशी होतं, त्यामुळे देवीचं मंदिर वाढलं. ओसोर्कोन दुसरा याने तिथे लाल ग्रॅनाइटचा उत्सवमंडप उभारला, त्याचे कोरीव दगड पुरातत्त्वज्ञ एदुआर नाविल यांनी १८८७ ते १८८९ च्या उत्खननात बाहेर काढले. मांजररूपातली बास्टेट याच सहस्रकात लोकप्रिय झाली. ब्राँझच्या मांजरांचं खरं पीक आलं ते त्याच्याही नंतर, इ.स.पू. ६६४ ते ३३२ या उत्तरकाळात आणि पुढच्या टॉलेमी या ग्रीक घराण्याच्या राजवटीत.

ग्रीक लेखक हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकात बुबास्टिसच्या यात्रेचं वर्णन करतो. बायका-पुरुष नावांत दाटीवाटीने बसून येतात, कुणी टाळ्या वाजवतं, कुणी बासरी, वाटेतल्या प्रत्येक गावाशी नाव काठाला लावतात, आणि वर्षभरात पिऊन होत नाही इतकं मद्य या एका सणात संपतं. लोकांचा आकडा तो सात लाख देतो. तो त्याने ऐकलेला आकडा आहे, शब्दशः धरू नये. पण यात्रा मोठी होती यात शंका नाही, आणि यात्रा मोठी म्हणजे वाहायच्या वस्तूंची मागणीही मोठी. ब्राँझचं मांजर या मागणीतून आलं. आपल्याकडे नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे किंवा छोटा पाळणा वाहतात, त्या जातीची ही वस्तू. ऐपतीप्रमाणे कुणी चार सेंटिमीटरचं ताईत वाही, कुणी हातभर उंचीचं, सोन्याची बाळी घातलेलं मांजर. चौथऱ्यावर लेख असला तर तो बहुधा एकाच साच्याचा असतो: 'बास्टेट अमक्याला, अमकीच्या मुलाला, आयुष्य देवो.' मांजराखाली नाव भक्ताचं असतं आणि मागणं देवीकडे असतं.

ओतकाम

हे सगळं मेणाच्या साच्याचं काम आहे. आधी मेणात मूर्ती घडवायची, तिच्यावर माती थापायची, भाजताना मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. आपले ओतारी आजही याच पद्धतीने काम करतात, त्यामुळे तत्त्व नवं नाही. इजिप्शियन मांजरांत बघण्यासारखं आहे ते पोकळ ओतकाम.

आठ-दहा सेंटिमीटरपर्यंतची मूर्ती भरीव ओतली तरी चालते. मोठी भरीव ओतली तर दोन अडचणी येतात. पहिली, धातू किती लागतो ते बघा. ३० सेंटिमीटर उंचीचं बसलेलं मांजर भरीव केलं तर ढोबळ हिशेबाने १५ ते २० किलो ब्राँझ जाईल. तेच चार मिलिमीटर जाडीच्या भिंतीचं पोकळ केलं तर साडेतीन-चार किलोत होतं. तांबं आणि कथील दोन्ही महाग, आणि इजिप्तमध्ये कथील तर बाहेरूनच येई. दुसरी अडचण निवण्याची. धातू घट्ट होताना आकसतो. जाड पोट हळू निवतं आणि पातळ कान लगेच निवतात, त्यामुळे पोटात पोकळ्या पडतात आणि सांध्याशी तडे जातात. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असली तर मूर्ती सारखी निवते.

तुलनेसाठी आपल्याकडचं उदाहरण घेता येईल. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलगाडीसारखा रथ अशा चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. त्या भरीव ओतलेल्या आहेत आणि चौघांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर भरतं. त्यातला हत्ती उचलून बघणाऱ्याला भरीव आणि पोकळ यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

पोकळ मांजराची सुरुवात गाभ्यापासून होते. बारीक वाळू, चिकणमाती आणि त्यात भुसा किंवा शेणासारखी सेंद्रिय भर घालून मांजराचा ओबडधोबड आकार करतात, प्रत्यक्ष मूर्तीपेक्षा सगळीकडून तीन-चार मिलिमीटर लहान. सेंद्रिय भर हवीच. भाजताना ती जळते आणि गाभ्यात बारीक छिद्रं राहतात. ओतताना निघणारा वायू त्या छिद्रांतून बाहेर पडतो, आणि धातू आकसताना गाभा थोडा दबून जागा देतो. नुसत्या चिकणमातीचा घट्ट गाभा केला तर तो दबत नाही, मग धातूच फाटतो.

गाभा वाळला की त्यावर मधमाशांच्या मेणाचा थर चढवतात. मेण ऊन करून पत्र्यासारखं लाटतात आणि दाबून बसवतात. डोकं, कान, पंजे यांचं बारीक काम मेणात होतं. गळ्यातल्या माळा, छातीवरचा वेदजात नेत्र (होरस देवाचा डोळा, रक्षणाचं चिन्ह), कानातल्या केसांच्या रेघा यांपैकी काही मेणातच कोरतात आणि काही धातू निवल्यावर छिन्नीने. दोन्हींतला फरक भिंगाखाली ओळखता येतो. मेणात ओढलेल्या रेघेच्या कडा मऊ, किंचित गोलसर असतात. धातूत मारलेली रेघ धारदार असते, आणि वळणावर छिन्नीचे एकामागून एक घाव दिसतात.

यानंतरची पायरी लहान आहे, पण सगळं काम तिच्यावर उभं असतं. मेणातून आरपार, गाभ्यात रुतेल असे लोखंडाचे किंवा ब्राँझचे बारीक खिळे ठोकतात आणि त्यांची टोकं बाहेर ठेवतात. मेण वितळून गेल्यावर गाभा पोकळीत अधांतरी राहतो. त्याला जागेवर धरून ठेवायला बाहेरच्या साच्यात अडकलेल्या या खिळ्यांशिवाय काहीही नसतं. शिवाय मातीचा गाभा ब्राँझच्या रसापेक्षा कितीतरी हलका, त्यामुळे रस आला की तो तरंगायला बघतो. खिळे कमी पडले किंवा ढिले बसले की गाभा एका बाजूला सरकतो. मग मूर्तीची एक भिंत आठ मिलिमीटर जाड होते आणि समोरची अर्धा मिलिमीटर, किंवा तिथे सरळ भोकच पडतं. जुन्या मूर्तींच्या अंगावर कुठेकुठे गंजाचे लहान चौकोनी ठिपके दिसतात, ते या लोखंडी खिळ्यांचे. लोखंड गंजताना फुगतं आणि भोवतालच्या ब्राँझला तडा देतं. म्हणजे ओतताना ज्या खिळ्याने मूर्ती वाचवली, तोच दोन हजार वर्षांनी तिला उलवतो.

मग रसाची वाट आणि हवेच्या वाटा मेणाच्याच कांड्यांनी जोडायच्या. मांजर साधारणपणे उलटं ओततात, डोकं खाली आणि पाय वर. रस पायांकडून आत जातो. यात शहाणपण आहे. कानांचे पातळ शेंडे साच्याच्या तळाशी येतात, तिथे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत गरम रस पोचतो, वरच्या रसाच्या वजनाने कोपऱ्या-कोपऱ्यात दाबला जातो. हवा, फेस आणि कचरा वर चढतो, म्हणजे पायांखालच्या भागाकडे, जिथे दोष राहिला तरी चौथऱ्यात लपतो. रसाच्या वाटेचा उरलेला तुकडा कापून टाकायची गरज नसते. तोच पंजांखाली खुंटी म्हणून ठेवतात आणि लाकडी चौथऱ्याच्या खाचेत बसवतात. संग्रहालयातल्या बऱ्याच मांजरांच्या पायांखाली असे ठोंब दिसतात. चौथरा कुजून गेला, ठोंब राहिले.

आता बसण्याची ढब बघा. शेपटी हवेत उभारलेली नाही, अंगाला लागून पंजांपर्यंत आणलेली आहे, आणि बहुतेकदा उजव्या बाजूने. पाय पोटाशी, मान ताठ, सगळा आकार एका उभट त्रिकोणात मावतो. इजिप्शियन चित्रलिपीतलं मांजरही असंच बसलेलं असतं, तेव्हा परंपरेचा भाग आहेच. पण ओताऱ्याच्या नजरेने बघितलं तर यात सुटा, बारीक, लांब असा एकही भाग नाही. हवेतली शेपटी म्हणजे रस अर्ध्या वाटेत निवण्याची हमखास जागा, आणि निवली नाही तरी पुढे मोडण्याची.

बाहेरच्या साच्याचा पहिला हात अगदी मऊ गाळलेल्या मातीचा, पातळ लेपासारखा. रेघन्‌रेघ उमटते ती यात. त्यावर वाळू आणि भुसा घातलेल्या जाड मातीचे थर. प्रत्येक थर सावलीत सुकू द्यायचा. घाई केली तर तडा जातो आणि ओतताना रस त्या तड्यात घुसून मूर्तीवर धातूचा पातळ पंख उभा राहतो. सुकलेला साचा भाजतात, मेण निथळतं, मग साचा चांगला लाल होईपर्यंत तापवतात. आत ओल राहिली तर रसाचा स्पर्श होताच वाफ होते. थोडी ओल असली तर मूर्तीचं अंग आतून बुडबुड्यांनी चाळणीसारखं होतं, जास्त असली तर रस उसळून बाहेर येतो. यात माणसं भाजतात.

किती धातू वितळवायचा याचा हिशेब मेणावरून होतो. ब्राँझ मेणाच्या साधारण नऊपट जड. अर्धा किलो मेण लागलं असेल तर साडेचार किलो ब्राँझ, वर वाटा आणि तोंडाचं नरसाळं भरायला किलो-दीड किलो. मुशीत रस कमी पडला तर दुसरी मूस आणून भर घालता येत नाही, कारण तोवर पहिला रस निवायला लागतो आणि दोन्हींच्या मध्ये थंड सांधा राहतो, वरून रेघेसारखा आणि आतून तुटका.

मिश्रणाचंही गणित आहे. शुद्ध तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, घट्टसर वाहतं आणि वायू शोषून घेतं, म्हणून ते ओतायला वाईट. त्यात दहा-बारा टक्के कथील घातलं की ते हजार अंशांच्या आसपासच पूर्ण पातळ होतं आणि निवल्यावर कठीणही होतं. उत्तरकाळातले ओतारी यात शिसंही घालत, काही मूर्तींत तर मुबलक. शिसं स्वस्त, आणि रस पाण्यासारखा धावतो, बारीक कामात शिरतो. पण शिसं तांब्यात विरघळत नाही, निवताना त्याचे थेंब वेगळे राहतात. असं ब्राँझ ठोकून घडवता येत नाही, भेगाळतं. ओतायची आणि वाहायची वस्तू असेल तर त्याने काही बिघडत नाही, म्हणून मंदिरांजवळच्या कारखान्यांना शिसं सोयीचं पडलं.

साचा फोडला की तो गेला. एका साच्यातून एकच मांजर निघतं. मग वाटा कापणं, खिळ्यांची टोकं छाटणं, वाळूच्या दगडाने घासणं. जिथे भोक पडलं असेल तिथे कडा चौकोनी कापून तेवढ्याच मापाचा ब्राँझचा तुकडा ठोकून बसवत. घासल्यावर हा सांधा दिसत नसे. आज गंज वेगवेगळ्या वेगाने चढल्यामुळे ती ठिगळं स्पष्ट दिसतात. डोळ्यांच्या खोबणीत काच किंवा स्फटिक, कानाला भोक, त्यात सोन्याची बाळी.

एक मांजर जवळून

ब्रिटिश म्युझियममध्ये ईए ६४३९१ या क्रमांकाचं मांजर आहे, मेजर रॉबर्ट गेअर-अँडरसन यांच्या नावाने ओळखलं जाणारं. उंची ४२ सेंटिमीटर, काळ साधारण इ.स.पू. ६००, मिळालं ते कैरोजवळच्या सक्काऱ्याच्या प्राचीन दफनभूमीतून असं सांगतात. नाकात आणि कानांत सोन्याच्या बाळ्या, डोक्यावर भुंगा, छातीवर चांदीचं पदक आणि वेदजात नेत्र. धातू तपासला तेव्हा साधारण ८५ टक्के तांबं, १३ टक्के कथील, २ टक्के आर्सेनिक आणि शिसं नावापुरतं निघालं. म्हणजे स्वस्तातलं काम नव्हे. इतक्या कथिलाचं ब्राँझ ताजं असताना सोनेरी झळाळतं. आजचा हिरवट काळा रंग त्याचा मूळ रंग नाही.

वरून हे मांजर अखंड वाटतं. क्ष-किरणांत दिसलं, की अंगाच्या मध्यातून जवळजवळ पूर्ण वेढा घालणारे तडे आहेत आणि आतून दिलेल्या आधारामुळेच वरचा भाग जागेवर आहे. जुन्या वस्तू दुरुस्त करण्याचा मेजरांना नाद होता आणि ही दुरुस्ती १९३० च्या दशकात त्यांनीच केली. गाभा धरून ठेवणाऱ्या खिळ्यांचे अवशेषही क्ष-किरणांत दिसतात. एका मूर्तीत प्राचीन ओताऱ्याचं काम आणि विसाव्या शतकातल्या डागडुजीचं काम असं एकावर एक असतं, आणि कुठला भाग कुणाचा हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. याची प्रतिकृती कैरोत इब्न तुलून मशिदीला लागून असलेल्या गेअर-अँडरसन यांच्याच घरात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, बघायला मिळते.

पेटीतलं मांजर

तळाशी उघडी, आतून गाभा काढलेली मूर्ती असली तर ती बहुधा मांजराच्या ममीसाठी होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये टॉलेमी काळातलं, शिसं मिसळलेल्या ब्राँझचं, ठोंबांसकट ३२ सेंटिमीटरचं असं एक मांजर आहे. स्वस्तातला पर्याय लाकडाचा. मांजराचे दोन उभे अर्धे भाग कोरून आतून पोखरायचे, ममी ठेवायची, दोन्ही भाग खुंट्यांनी जोडायचे आणि वरून चुनखडीचा लेप देऊन रंग किंवा सोन्याचा वर्ख. मध्यम पर्याय म्हणजे अंग लाकडाचं आणि डोकं तेवढं ब्राँझचं. म्हणून संग्रहालयांत नुसती मांजराची ब्राँझची डोकी दिसतात. ती तुटलेली नाहीत, लाकूड गेलं.

सक्काऱ्याला बास्टेटचं मोठं ठाणं होतं, बुबास्टेयॉन. तिथल्या कड्यातल्या जुन्या थडग्यांमध्ये नंतरच्या काळात मांजरांच्या ममी रचून ठेवल्या गेल्या. आलँ झिव्ही यांच्या फ्रेंच पथकाने तिथे अनेक वर्षं काम केलं. तुतनखामूनच्या दाईचं, मायाचं, थडगं त्यांना १९९६ मध्ये याच मांजरांच्या गर्दीत सापडलं आणि २००१ मध्ये त्याच थडग्यात सिंहाचा सांगाडा मिळाला. २०१९ मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने याच परिसरातून मांजरांच्या लाकडी आणि ब्राँझच्या ७५ मूर्ती आणि सिंहाच्या छाव्यांच्या ममी दाखवल्या. अलेक्झांड्रियात कोम एल-दिक्का भागात २०१० मध्ये राणी बेरेनिकी दुसरी हिने बांधलेल्या बास्टेट मंदिराचे अवशेष आणि सुमारे ६०० मूर्ती मिळाल्या, त्यांत मांजरं भरपूर.

आता अवघड भाग. या ममी म्हातारी होऊन मेलेल्या लाडक्या मांजरांच्या नाहीत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने १९८१ मध्ये ५५ ममींचे क्ष-किरण तपासून लेख प्रसिद्ध केला. मांजरं मुख्यतः दोन वयोगटांतली निघाली, काही महिन्यांची पिल्लं आणि जेमतेम वर्षाची. काहींच्या माना मोडलेल्या होत्या. म्हणजे वाहण्यासाठीच पैदास होत होती आणि ठरावीक वयात मारली जात होती. इकडे इतिहासकार डायोडोरस सांगतो, की इ.स.पू. ६० च्या सुमारास एका रोमन माणसाकडून चुकून मांजर मेलं तर जमावाने त्याला ठार केलं. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असं वाटतं, पण त्यांच्या दृष्टीने तसं नव्हतं. घरातलं मांजर मारणं हा अपराध होता. मंदिराच्या आवारात विधीने देवीकडे पाठवलेलं मांजर म्हणजे भक्ताचा निरोप नेणारा दूत. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की मात्र गाठोड्यात काय आहे हे कुणी बघत नसे. मँचेस्टरच्या संशोधकांनी ८०० हून अधिक प्राणी-ममी तपासल्या, तेव्हा ढोबळमानाने एक तृतीयांशांत पूर्ण प्राणी होता, एक तृतीयांशांत हाडांचे तुकडे आणि उरलेल्यांत चिखल, काड्या, पिसं. हा लबाडीचाच प्रकार होता असं मी धरणार नाही. देवीच्या मांजराचा अंशही पुरे, अशी श्रद्धा असू शकते.

एकोणिसाव्या शतकात या ममींची जी विटंबना झाली ती वाचून आजही वाईट वाटतं. १८८८ मध्ये बेनी हसनजवळ मांजरांच्या ममींचा प्रचंड साठा सापडला आणि त्यातला सुमारे १९ टन माल १८९० मध्ये लिव्हरपूलला खत म्हणून लिलावात विकला गेला. लाखाहून जास्त मांजरं शेतात दळून गेली. ती मांजरंही बास्टेटची नव्हती, हे इथे सांगायला हवं. त्या परिसराची देवी पाखेत, तीही सिंहीण.

ओळखताना होणाऱ्या चुका

मांजर दिसलं की बास्टेट, ही घाई टाळावी. देर अल-मदिना या प्राचीन कारागिरांच्या गावातल्या थडग्यांत सुरीने सापाचं डोकं उडवणारं मांजर रंगवलं आहे. तो राचं रूप असलेला बोका आहे, बास्टेट नव्हे. सिंहिणीच्या डोक्याची, सिंहासनावर बसलेली ब्राँझची देवी उत्तरकाळात बऱ्याचदा वाजेत नावाची वेगळीच देवी असते, आणि तिच्या पोकळ आसनात मांजर नाही तर मुंगसाची ममी ठेवत.

बाईचं अंग आणि प्राण्याचं डोकं असेल तर आधी कान बघा. गोलसर आखूड कान आणि चेहऱ्याभोवती आयाळीचा कंगोरा असेल तर सिंहीण. मोठे, टोकदार, सरळ उभे कान आणि कंगोरा नाही, तर मांजर. नंतर हात. मांजरमुखी बास्टेटच्या एका हातात सिस्ट्रम नावाचं खुळखुळ्यासारखं वाद्य, दुसऱ्या हातात सिंहिणीचं डोकं लावलेली रुंद गळपट्टी आणि कोपरावर टोपली, पायाशी कधी पिल्लं. त्या गळपट्टीतलं सिंहिणीचं डोकं मला या सगळ्या मूर्तींतला सर्वांत बोलका तपशील वाटतो. मांजर झालेल्या देवीने आपलं जुनं रूप हातात धरलेलं आहे. हात रिकामे असतील आणि लेखही नसेल तर फक्त 'मांजरमुखी देवी' म्हणून थांबणं बरं.

हिरवी पूड आणि नकली मांजरं

जमिनीतून निघालेल्या ब्राँझला मिठाचा त्रास असतो. मातीतलं क्लोराइड धातूत शिरून तांब्याचं क्लोराइड होतं. त्याला दमट हवा मिळाली की फिकट हिरवी पूड फुलते, त्यातून आम्ल सुटतं, ते पुन्हा तांबं खातं, आणि चक्र चालू राहतं. याला ब्राँझचा रोग म्हणतात. गर्द हिरवा, गुळगुळीत, घट्ट बसलेला थर म्हणजे रोग नाही, तो धातूचं रक्षण करतो. नखाने निघणारी फिकट पूड दिसली की धोका. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली तर हा प्रकार थांबतो. संग्रहालयं यासाठी बंद काचपेटीत सिलिका जेल ठेवतात आणि गरज पडली तर बेंझोट्रायझोल या गंज रोखणाऱ्या रसायनाचा उपचार करतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात आर्द्रता याच्या दुप्पट असते, तेव्हा घरात जुनं ब्राँझ असेल, मग ते कुठल्याही देशाचं असो, तर ते उघड्या फडताळात ठेवू नये. आणि चिंच-मीठ लावून तर मुळीच घासू नये. चिंचेचं आम्ल वरचा थर काढतं आणि मीठ म्हणजे थेट क्लोराइडच. रोजच्या वापरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना चालतं ते जुन्या मूर्तीला मारक ठरतं.

कैरोच्या खान अल-खलिली बाजारात किंवा इंटरनेटवर 'खरं जुनं' मांजर कुणी देऊ केलं तर काही गोष्टी तपासता येतात. अंगावर, विशेषतः कानांच्या कडेने आणि पाठीवर, दोन भाग जोडल्याची सरळ उभी रेघ असेल तर ते हल्लीच्या दोन तुकडी साच्यातलं आहे. मेणाच्या साच्यात अशी रेघ पडत नाही. धातूत जस्त भरपूर निघालं तर ते पितळ आहे, आणि पितळ इजिप्तमध्ये रोमन काळात रुळलं. हिरवा रंग सगळीकडे एकसारखा आणि ॲसिटोनच्या बोळ्याला लागतो, तर तो रंगच. पोकळ मूर्तीत गाभ्याची भाजलेली माती उरली असेल तर उष्मादीप्ती तपासणीने ती शेवटची कधी तापली हे काढता येतं, त्यासाठी चिमूटभर नमुना पुरतो. लोखंडी खिळ्यांचे गंजलेले ठिपके असणं ही चांगली खूण, पण तेवढ्यावर विसंबू नये, नकली माल करणाऱ्यांनाही ती ठाऊक आहे.

आणि मांजर खरं निघालं तर ते इजिप्तमधून घेताच येत नाही. इजिप्तच्या १९८३ च्या कायदा क्रमांक ११७ नुसार पुरातन वस्तू सरकारच्या मालकीच्या आहेत, त्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. प्रतिकृती घ्यायची असेल तर दुकानदाराकडून ती प्रतिकृती असल्याचा उल्लेख असलेली पावती घ्यावी आणि विमानतळावर ती सामानात नाही, हाताशी ठेवावी.